खड्ड्यातल्या योसेफाला उपदेश नको

वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेत बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी उचलायची पद्धत बऱ्याच मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आहे. ज्याला जी चिठ्ठी येईल ते त्याचं नव्या वर्षाचं वचन. कोल्हापुरातली ख्रिस्ती घरंही हे आवडीने करतात, आणि त्या चिठ्ठ्यांमध्ये यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन हमखास असतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते हिताचे आहेत, तुम्हाला आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तेच, दहावीच्या मुलीच्या कंपासपेटीत तेच. आणि परीक्षेच्या निकालात आपल्या पोराचं नाव नसलं की संध्याकाळपर्यंत नातेवाइकांकडून मोबाईलवर येतं तेही तेच.

पाठवणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण निराश झालेल्या माणसाच्या हातात त्याच दिवशी त्याच्या निराशेचा अर्थ ठेवण्याची ही जी घाई आहे ती ख्रिस्ती नाही, असं माझं ठाम मत आहे. ती पवित्र शास्त्राला धरून नाही, माणसाला धरून नाही, आणि आपल्या शहरात सध्या तरुण मुलांचं जे चाललं आहे ते पाहता ती धोक्याचीही आहे.

आधी यिर्मयाचं बघू. हे वचन एका पत्रातलं आहे. यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना ते लिहिलं आहे. त्याच्या आधीचा अध्याय आपल्याकडे क्वचितच वाचला जातो. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो, की दोन वर्षांच्या आत देव बाबेलच्या राजाचं जू मोडेल, नेलेली माणसं आणि मंदिरातली पात्रं परत येतील. लोकांना हवं होतं तेच तो बोलत होता. यिर्मया त्याला म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही ते खरं व्हायला हवं होतं. पण त्याला जे सांगायचं होतं ते वेगळं होतं: दोन नव्हे, सत्तर वर्षं. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या परक्या शहरात आहात त्या शहराचं हित पाहा. ज्या प्रौढ माणसांनी ते पत्र हातात धरलं त्यांतल्या बहुतेकांना घरची वाट पुन्हा दिसणार नव्हती, आणि पत्राने ते त्यांच्यापासून लपवलं नाही. संकल्पाचं आणि आशेचं वचन येतं ते हे सगळं सांगून झाल्यावर.

म्हणजे आपण चिठ्ठीवर यिर्मयाचे शब्द छापतो आणि आश्वासन मात्र हनन्याचं देतो. पुढच्या वर्षी होईल, देवाने याहून मोठं ठेवलंय, बघ तू. ज्या माणसाला सत्तर वर्षांची बातमी पचवायची आहे त्याला आपण दोन वर्षांचं औषध देतो.

आता शहराकडे येतो. कोल्हापूर हे मेहनती शहर आहे आणि जिंकणाऱ्यावर जीव टाकणारं शहर आहे. पहाटे रस्त्यांवर भरतीसाठी पळणारी मुलं दिसतात. पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये राज्यसेवा, पीएसआय, बँक, तलाठी अशी एकेक स्वप्नं घेऊन पोरं-पोरी रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात. कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडून आलेल्या या मुलांच्या मागे कुणाचा तरी ऊस असतो, कुणाच्या तरी आईचं दूध डेअरीला जात असतं. निवड झाली की चौकात फलक लागतो, गुलाल उडतो, तालीम मंडळ सत्कार करतं. ते व्हावंच. पण गणित काय आहे? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा पूर्व परीक्षेला ५,९२,१४१ उमेदवार बसले आणि शेवटी १,०१६ जणांची शिफारस झाली. सुमारे ५८३ जणांमागे एक. राज्याच्या परीक्षांचे आकडे वेगळे असतील, पण चित्र याच जातीचं आहे. एवढी मोठी निराशा या व्यवस्थेत दरवर्षी ठरलेलीच असते. तिच्यासाठी मात्र चौकात जागा नाही, तालमीत नाही, आणि खेदाने म्हणावं लागतं की चर्चमध्येही नाही.

कुस्तीने या शहराला एक चांगली गोष्ट शिकवली होती. राजर्षी शाहूंनी बांधलेल्या खासबागेत हरणारा मल्ल हजारो लोकांसमोर हरतो. हार लपत नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला आखाड्यात यायचंच असतं आणि तिथे वस्ताद असतो. तो कालच्या पराभवाचं तत्त्वज्ञान सांगत नाही. मुख्य परीक्षेत तीन गुणांनी राहिलेल्या मुलीला असा वस्ताद कोण? ती गावी जायचं टाळते, भावकीतलं लग्न टाळते, कारण प्रत्येक जण विचारतो, "आता पुढं काय?" आणि रविवारी उपासनेला येणंही टाळायला लागते, कारण तिथे तोच प्रश्न प्रार्थनेच्या आवाजात विचारला जातो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. या सगळ्या परीक्षेमुळे झाल्या असं कुणी म्हणू नये. प्रत्येक मरणामागे अनेक धागे असतात. पण निराश तरुणाशी बोलायचं कसं हा प्रश्न घरगुती राहिलेला नाही, एवढं तरी या आकड्यावरून मान्य व्हावं.

आता मूळ मुद्दा. निराशेत अर्थ सापडतो का? माझा विश्वास आहे, सापडतो. सगळं पवित्र शास्त्र तेच सांगत आलं आहे. पण तो कुणी सांगायचा आणि केव्हा, याबद्दल शास्त्र जितकं काटेकोर आहे तितके आपण नाही.

योसेफाची गोष्ट घ्या, कारण असल्या प्रसंगी हमखास तीच काढली जाते. सतरा वर्षांच्या योसेफाला भावांनी कोरड्या खड्ड्यात टाकलं आणि मग चांदीच्या वीस नाण्यांना व्यापाऱ्यांच्या तांड्याला विकलं. पुढे मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, खोटा आळ, तुरुंग, आणि ज्याचं भलं केलं तो बाहेर पडल्यावर विसरून गेला. तिसाव्या वर्षी तो मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला. सुकाळाची सात वर्षं गेली, दुष्काळाची दोन गेली, आणि तेव्हा धान्यासाठी आलेल्या भावांसमोर त्याने स्वतःची ओळख दिली. तो म्हणाला, मला इथे तुम्ही नाही पाठवलं, देवाने पाठवलं. हिशेब केला तर खड्ड्यापासून या वाक्यापर्यंत बावीस वर्षं होतात. आणि हे बोलण्याआधी तो मिसरी लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडतो. त्याचं वाक्य आपण पाठ करतो, रडणं गाळतो.

आता हेच वाक्य भावांनी त्याला खड्ड्याच्या काठावरून सांगितलं असतं तर? घाबरू नकोस योसेफा, देवाची काहीतरी योजना असेल. शब्द तेच असते, पुढे ते खरेही ठरले असते, आणि तरीही ते क्रूर असते. त्या वेळी भाऊ काय करत होते तेही उत्पत्तीच्या पुस्तकात लिहिलं आहे: ते बसून जेवत होते. पुढे अनेक वर्षांनी स्वतःवर संकट आल्यावर त्यांना आठवतं ते हे, की तो जिवाच्या आकांताने विनवत होता आणि आपण ऐकलं नाही. त्यांनी ऐकलं नाही हाच त्यांचा गुन्हा त्यांच्या लक्षात राहिला.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी नाही. दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळाने पिडलं तेही बरं झालं, असं तुकोबा म्हणतात. १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला होता, पहिली बायको अन्नावाचून गेली होती. असं सगळं सोसलेला माणूस ते म्हणतो, देवाला उद्देशून म्हणतो आणि स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणतो. देहूतल्या एखाद्या शेजाऱ्याने त्या वर्षी त्यांच्या दारात येऊन "बरं झालं" म्हटलं असतं तर आपण त्या शेजाऱ्याला संत म्हटलं नसतं. निराशेचा अर्थ ज्याची निराशा त्याच्याच तोंडी शोभतो, आणि तोही बहुतेक वेळा मागे वळून पाहताना. प्रेषित पौलाच्या पत्रांतही तेच आहे. शरीरातला काटा काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, आणि माझी कृपा तुला पुरेशी आहे हे उत्तर त्याला मिळालं. ते त्याला मिळालं. करिंथच्या मंडळीने ते त्याला पोस्टाने पाठवलं नव्हतं.

मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र याच ठिकाणी चुकले. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, आणि ते त्यांच्या हातून झालेलं सर्वांत चांगलं काम होतं. मग ते समजावू लागले. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि म्हणतो, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे. ज्याने तक्रार केली, जन्मदिवसाला शाप दिला, देवाला जाब विचारला, तो नीट बोलला. देवाची बाजू सांभाळणारे चुकले. हे वाचूनही आपण पुन्हा पुन्हा त्या मित्रांच्या पंगतीत जाऊन का बसतो? मला वाटतं, भीतीमुळे. समोरच्या माणसाच्या दुःखाला उत्तर नसलं तर आपलाच विश्वास हलेल अशी भीती. मग घाईघाईने आपण जे उत्तर देतो ते त्याच्यासाठी नसतं, आपल्यासाठी असतं.

इथे कुणी म्हणेल, मग देव सार्वभौम नाही का? त्याच्या हाताबाहेर काही घडतं का? हा आक्षेप गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांचा मला आदर आहे. मीही देवाला सार्वभौम मानतो. पण देवाला सगळं ठाऊक आहे हे मानणं वेगळं, आणि या मुलीच्या बाबतीत त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे असं वागणं वेगळं. गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत, असं शास्त्रातलं अनुवाद नावाचं पुस्तक सांगतं. रोमकरांस पत्रातलं सर्व गोष्टी मिळून कल्याण होण्याचं वचनही आपण असंच तोडून घेतो. त्याच्या आधीच्या ओळींत सृष्टी कण्हते आहे, आपण कण्हत आहोत, आणि आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनवतो आहे. तीन कण्हणी ऐकून झाल्यावर पौल कल्याणाचं बोलतो. आपण थेट कल्याणावर उडी मारतो.

ख्रिस्ती विश्वासाच्या मध्यभागी तर निराशेचा उच्चार खुद्द प्रभूच्या मुखात आहे. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपदेश होतात तेव्हा चौथ्या उद्गाराशी उपदेशक थोडे अडखळतात आणि लवकर पुढे जातात, असं माझं निरीक्षण आहे. त्या प्रश्नाला वधस्तंभावर आकाशातून उत्तर आल्याचं कुठल्याही शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. पुनरुत्थान झालं, पण त्याने शुक्रवार खोडला नाही; थोमाला दाखवलेल्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्याच. देव आपल्या निराशेचं स्पष्टीकरण देतो की नाही हे मी सांगू शकत नाही. तो तिच्यात उतरला, एवढं सांगू शकतो, आणि माझा विश्वास त्यावरच उभा आहे. म्हणून गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मधल्या शनिवारचं मला वाईट वाटतं. शिष्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत रिकामा दिवस. आपल्याकडे तो ईस्टरच्या सजावटीत आणि सूर्योदयाच्या उपासनेच्या तयारीत जातो.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या संदर्भात फार बोलकं आहे, आणि त्याचा वापर फार चुकीचा होतो. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले; पदरात लहानशी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या त्या डॉक्टर होण्याच्या इच्छेने. ऐकू कमी येत असल्यामुळे ती वाट बंद झाली. पुढे १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उभं राहिलं, पुण्याला गेलं, आणि १८९३ मध्ये धर्माच्या वादातून सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं, कितीतरी मुली पालकांनी काढून नेल्या. मग केडगावचं मुक्ती मिशन, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या विधवा नि मुली.

उपदेशात हे सगळं एका सुतात ओवतात: कान गेले म्हणून डॉक्टर झाल्या नाहीत, डॉक्टर झाल्या नाहीत म्हणून मुक्ती मिशन उभं राहिलं, बघा देवाची योजना. हे गणित मला मान्य नाही. त्या डॉक्टर झाल्या असत्या तरी या देशातल्या बायकांना त्यांची गरज होतीच. एका बाईचं ऐकणं कमी व्हावं अशी देवाची इच्छा होती हे कुणाला कसं कळलं? त्यांच्या आयुष्यात मला दिसतं ते दुसरंच आहे. ज्या बाईने आईवडिलांना उपासमारीत मरताना पाहिलं होतं, ती पुढच्या दुष्काळात उपाशी मुलींना आणायला स्वतः गेली. तिने आपल्या दुःखाचं कारण शोधलं असेल किंवा नसेल, पण त्या दुःखाने ओळखीची झालेली भूक तिला दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसली आणि तिने तोंड फिरवलं नाही. अर्थ तिथे घडला, तिच्या हातून. आणि शेवट? १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्यावर पुढची सगळी भिस्त होती. रमाबाई तेव्हा पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीतलं भाषांतर करत होत्या. ते त्यांनी पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्या भाषांतराने लेकीची जागा भरून निघाली असं म्हणायची हिंमत मी करणार नाही.

या घाईचा आणखी एक तोटा आहे, आणि तो सार्वजनिक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०२१ च्या जुलैत ती ५६ फुटांच्या वर गेली. शिरोळ आणि करवीर तालुक्यांतल्या माणसांनी दोन वर्षांत दोनदा घरातला गाळ उपसला. त्या काळात "देव परीक्षा घेतोय" हे वाक्य सगळ्या धर्मांच्या लोकांकडून ऐकू आलं, आपल्या लोकांकडूनही. पण पूररेषेच्या आत बांधकामं कशी झाली, धरणांतलं पाणी केव्हा आणि किती सोडलं, नाले कुणी बुजवले, पंचनाम्यात कुणाचं घर राहून गेलं, हे प्रश्न देवाला विचारायचे नाहीत. त्यांची उत्तरं देणारी कार्यालयं आहेत. भरतीची जाहिरात वर्षानुवर्षं न निघणं, पेपर फुटणं, निकाल लागूनही नियुक्तीपत्र न येणं यांनी मोडलेल्या मुलाला "देवाची वेळ यावी लागते" म्हणालो, तर आपण देवाच्या नावावर सरकारची दिरंगाई खपवतो. हे देवाविषयी खोटं बोलणं आहे.

श्रद्धा माणसाला गप्प बसवते असा आरोप आपल्यावर होतो. ज्या दिवशी आपण असं बोलतो त्या दिवशी तो आरोप खरा असतो. पण स्तोत्रसंहितेची शिकवण गप्प बसण्याची नाही. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच चार वेळा विचारलं आहे: कुठवर? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळही नाही, आणि तरीही ते उपासनेच्या गीतांमध्ये ठेवलं गेलं. विलाप करणारा माणूस हार मानत नाही. जे आहे ते बरोबर नाही असं तो देवासमोर नोंदवतो. परक्या राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्यानेही उद्ध्वस्त यरुशलेमेची वार्ता ऐकून आधी बसून शोक केला, कित्येक दिवस उपास केला, आणि मग राजाकडे जाऊन परवानापत्रं आणि लाकूड मागितलं. रडल्यामुळे त्याची मागणी अडली नाही.

"पण पोरांना रडवत बसवलं तर ती आणखी खचतील, त्यांना उभारी द्यायला हवी," असं एका ज्येष्ठ पाळकांनी मला सांगितलं. त्यांचा हेतू चांगला आहे, पण शास्त्रातला दाखला वेगळा आहे. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उभारीचं भाषण दिलं नाही. त्याने ऊन भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला दिलं. वाट तुला फार लांबची आहे, एवढंच तो म्हणाला. आणि हेही स्पष्ट म्हणायला हवं, की झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या, मरणाचं बोलणाऱ्या मुलाला प्रार्थनेबरोबर डॉक्टर लागतो. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक चर्चच्या फलकावर वचनाशेजारी लिहिलेला असावा. तसं केल्याने विश्वास उणा होत नाही.

कोल्हापूरच्या ख्रिस्ती समाजाला हे नव्याने शिकायचं नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये या संस्थानात आले, आणि पुढे काही वर्षं कुठल्याही मिशन मंडळाच्या आधाराशिवाय त्यांनी इथलं काम आणि शाळा चालवल्या. शेजारी मिरजेला मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत त्याची आठवण आजही निघते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं, खाली वाकून चिखल केला आणि त्याच्या डोळ्यांना लावला. आपल्या आधीच्या पिढ्यांनी शाळा-दवाखाने काढले ते या गोष्टीला धरून. रुग्णाला त्याच्या रोगाचा अर्थ सांगण्यापेक्षा त्यांनी खाट दिली. आज या शहरातल्या तरुणाचं दुखणं वेगळं आहे आणि आपल्याकडे त्यासाठी फक्त चिठ्ठ्या आहेत.

मग मंडळीने करायचं काय? पहिलं म्हणजे साक्षीची वेळ बदलावी. आपल्या प्रार्थना सभांमध्ये साक्ष देतो तो ज्याचं काम झालं तोच: नोकरी लागली, व्हिसा आला, गाठ साधी निघाली. ज्याचं झालं नाही तो मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतो आणि आपल्याच विश्वासात काही खोट असावी असं समजतो. येशूच्या मरणानंतर अम्माऊस गावाकडे निघालेले दोघे शिष्य काय म्हणाले होते? आम्हाला आशा होती. होती. पुनरुत्थित प्रभूला सगळं ठाऊक असूनही त्याने विचारलं, कोणत्या गोष्टी? त्यांनी सगळी हकिकत सांगेपर्यंत तो त्यांच्याबरोबर चालला. नंतर त्याने शास्त्र उलगडून सांगितलं हे खरं, खडसावलंही, पण आधी ऐकून, आणि तेही स्वतः जखमी झालेल्या माणसाच्या अधिकाराने. "आम्हाला आशा होती" इथे थांबणारी साक्ष आपल्या उपासनेत कुणी दिली, तर तिच्यानंतर लगेच कुणी माईक घेऊन तिचा शेवट गोड करू नये.

दुसरं, निकालांच्या दिवसांत चर्चचे सभागृह संध्याकाळी उघडे ठेवावेत. नागाळा पार्क, शाहूपुरी, जिथे आहेत तिथे. कुठल्याही धर्माच्या मुलांसाठी. चहा असावा, बसायला जागा असावी, ज्यांनी परीक्षेची वाट सोडून दुसरं काम धरलं अशी चाळिशीतली दोन-चार माणसं असावीत. यशाचा मंत्र द्यायला नव्हे, पहिली दोन वर्षं कशी गेली ते सांगायला. बँकेच्या कर्जाची आणि कौशल्याच्या अभ्यासक्रमांची माहिती असलेलं कुणीतरी असावं. आणि या कामात पत्रकं वाटायची नाहीत, नावं-पत्ते गोळा करायचे नाहीत, पुढच्या रविवारी या असं म्हणायचं नाही. खचलेला माणूस ही प्रचाराची संधी नाही. जो असं समजतो त्याने सुवार्तेचा अपमान केला, आणि बाहेरच्या लोकांच्या मनातल्या संशयाला कारणही दिलं. कुणी विचारलं, की तुम्ही हे का करता, तर खरं उत्तर द्यावं. विचारलं नाही तर चहा गरम ठेवावा.

पालकांची वेगळी बैठक याहून अवघड आहे, पण ती टाळून चालणार नाही. मुलाबरोबर त्यांचंही काहीतरी मोडलेलं असतं. पुण्याच्या क्लासची फी भरायला काढलेलं कर्ज, विकलेली म्हैस, भावकीत बोललेले शब्द. त्यांना कुणी काही विचारत नाही, आणि मग ते सगळं घरात मुलावर निघतं. कुठल्या मंडळीकडे माणसं कमी असतील, सगळं एकदम जमणार नसेल, तर सुरुवात या आईबापांपासून करावी. येत्या निकालाआधी एका रविवारी उपासनेनंतर अर्धा तास त्यांना थांबवून घ्यावं आणि त्यांनाच बोलू द्यावं.